मुक्त कार्यप्रणाली आणि प्राथमिक शिक्षक



गेल्या वर्षी पुसद तालुक्याच्या डोंगरभागातील एका तांड्यावर शाळाभेटीस गेलो असता जी एक लहानशी हकीकत कानी आली, ती प्रथम सांगतो. कारण प्रस्तुत लेखाचा विषय तीतूनच निघाला आहे. मुलांना घरी वाचनासाठी वापरता यावा म्हणून माझा स्वतःचा एक जुना फोन, सिमकार्ड काढून, मी तेथील गुरुजींच्या स्वाधीन केला होता. तो आळीपाळीने मुलांच्या घरी जाई. चौथीतील एका मुलीच्या आईने रात्री तो विजेला लावला. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘शुल्क आकारले जात आहे.’ मुलीने ती मोठ्याने वाचून दाखविली. आईने तत्काळ वायर उपसली आणि फोन फडताळात ठेवून दिला. फुकट म्हणून घरी आलेल्या वस्तूचे पैसे कोणीतरी मोजीत आहे, असा अर्थ तिने घेतला, आणि वाक्याचा अर्थ तोच होता. दुसऱ्या दिवशी फोन शाळेत परत आला. पुन्हा त्या घरी तो गेला नाही.

ह्यात चूक आईची नव्हती. मुलीची तर नव्हतीच. लिहिले होते ते तिने अचूक वाचले. इंग्रजीत ‘चार्ज’ ह्या एका शब्दाला वीज भरणे आणि मोबदला घेणे असे दोन्ही अर्थ आहेत. भाषांतर करणाऱ्यासमोर तो शब्द एकटाच आला असावा. फोनमध्ये तो कोठे दिसणार, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. त्याने दुसरा अर्थ उचलला, आणि शेकडो मैल दूर एका मुलीच्या हातचे वाचन गेले.

एरवी अशा प्रसंगी आपण ‘चालायचेच’ म्हणून सोडून देतो. कंपनी कोठे, आपण कोठे! परंतु ह्या फोनवर मी जी कार्यप्रणाली घातली होती ती मुक्त स्वरूपाची होती, आणि म्हणून ते वाक्य बदलून घेण्याचा मार्ग खुला होता. तो मार्ग कोणता आणि त्यावर खेड्यातील शिक्षकाला किती चालता येईल, हे येथे सांगावयाचे आहे.

कार्यप्रणाली, म्हणजे जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, हे फोनमधील सर्वांत महत्त्वाचे सॉफ्टवेअर होय. शाळेत कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, घंटा केव्हा होईल, किल्ल्या कोणाजवळ राहतील हे मुख्याध्यापक पाहतात. तद्वत कोणत्या ॲपला किती जागा द्यावयाची, कॅमेरा कोणी वापरावयाचा, बोट लागले तर काय करावयाचे, अक्षर पडद्यावर कसे काढावयाचे, हे सर्व कार्यप्रणाली पाहते. मुख्याध्यापक रजेवर गेले तरी शाळा कशीबशी चालते. येथे मात्र कार्यप्रणालीवाचून फोन म्हणजे काचेचा तुकडा.

हे सॉफ्टवेअर माणसांनी लिहिलेले असते. ज्या भाषेत ते लिहितात ती माणसाला वाचता येते, आणि त्या मूळ लेखनास सोर्स कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या तो कुलपात ठेवतात. मुक्तस्रोत पद्धतीत तो सर्वांसमोर मांडलेला असतो. कोणीही तो वाचावा, वापरावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा आणि बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी, अशी परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. ‘मुक्त’ ह्या शब्दाचा अर्थ केवळ फुकट असा घेऊ नये. फुकट मिळणारी पुष्कळ ॲप्स आतून पूर्णपणे बंदिस्त असतात.

ह्या विचाराचा इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा कार्यप्रणालीचा गाभा लोकांपुढे ठेवला. आपल्या हातातील ॲंड्रॉइड फोन ह्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, आणि ॲंड्रॉइडचा मूळ कोड २००८ पासून खुला आहे. मग आपला फोन मुक्तच म्हणावयाचा काय? अर्धाच. पाया खुला असला तरी त्यावर बसविलेली गूगलची कित्येक ॲप्स व सेवा, कंपनीने घातलेली भर आणि यंत्राच्या सुट्या भागांना चालविणारे बरेचसे सॉफ्टवेअर बंद असते. विहीर गावाची आणि दोर खाजगी, असा हा प्रकार आहे.

खुल्या पायाचा उपयोग काय, हे दोन उदाहरणांवरून कळेल. ॲंड्रॉइडच्या खुल्या कोडवर ‘सायनोजेनमॉड’ नावाची प्रणाली स्वयंसेवकांनी वाढविली होती. २०१६ च्या डिसेंबरात तिचा कारभार बंद झाला. कोड खुला असल्यामुळे त्याच मंडळींनी व इतरांनी तो उचलला आणि ‘लिनेजओएस’ ह्या नावाने काम पुढे चालू ठेवले. ते आजही चालू आहे. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. मोझिला ह्या संस्थेने ‘फायरफॉक्स ओएस’ ही प्रणाली काढली. २०१४ साली इंटेक्स कंपनीने तिच्यावर चालणारा फोन भारतात १९९९ रुपयांना विकावयास आणला. प्रयोग फसला, आणि मोझिलाने २०१६ मध्ये फोनसाठीचे ते काम थांबविले. तथापि त्याच कोडपासून ‘कायओएस’ निघाली आणि २०१७ साली आलेला जिओफोन तिच्यावर चालला. आपल्या तालुक्यात कित्येक पालकांच्या खिशात बटणांचा तो फोन आपण पाहिला असेल. कायओएस स्वतः पूर्णपणे मुक्त नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत वाढलेली ‘भारओएस’ ही प्रणाली २०२३ च्या जानेवारीत पुढे आली. तिचा पायाही ॲंड्रॉइडचा खुला कोड हाच आहे. आणि पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड आपणांस ज्या ‘दीक्षा’ मंचाकडे नेतो, तो ‘सनबर्ड’ ह्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभा आहे. म्हणजे नाव न जाणता आपण सर्वजण ह्या व्यवहारात आधीच आहोत.

आता माझ्या प्रयोगाविषयी.

वयाच्या पन्नाशीनंतर असल्या गोष्टीत हात घालू नये, असे घरच्यांचे मत होते, आणि पहिल्या रविवारी ते खरे ठरले. माझ्या जुन्या फोनला कंपनीकडून सुधारणा येणे केव्हाच थांबले होते. अशा फोनवर स्वयंसेवकांनी तयार केलेली नवी प्रणाली घालता येते. रीत अशी : प्रथम फोनचे नेमके मॉडेल पाहावयाचे. मग फोन सुरू होताना जे पहिले सॉफ्टवेअर जागे होते, बूटलोडर, त्याचे कुलूप कंपनीच्या रीतीने उघडावयाचे. काही कंपन्या ते उघडू देतात, काही देत नाहीत. कुलूप उघडताना फोनमधील सर्व फोटो, क्रमांक, नोंदी पुसल्या जातात. म्हणून आधी त्यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावयाची. त्यानंतर संगणकास वायर जोडून नवी प्रणाली फोनवर चढवावयाची. मी सर्व केले, फक्त मॉडेलचे नाव पाहताना शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष केले. एकाच नावाचे दोन फोन, आतील भाग निराळे. फोन सुरू होईना. कंपनीचे चिन्ह येई, जाई, पुन्हा येई. वर्गात ‘प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा’ असे तीस वर्षे सांगत आलेल्या माणसाची ही गत. पुढच्या आठवड्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने योग्य फाइल शोधून दिली आणि ते यंत्र पुन्हा जिवंत झाले. पुष्कळदा ते होते. नेहमी होईलच, असे कोणी धरून चालू नये.

म्हणून येथेच काही गोष्टी निक्षून सांगतो. हा प्रयोग रोजच्या वापराच्या फोनवर करू नये. कुलूप उघडलेल्या फोनवर बँकेची व पैसे देण्याची कित्येक ॲप्स चालण्यास नकार देतात, आणि हमीची मुदत शिल्लक असल्यास ती गमावण्याचा संभव असतो. शाळेस मिळालेले टॅब व फोन जडसंग्रह नोंदवहीत चढलेले असतात. त्यांना लेखी परवानगीवाचून हात लावू नये, मग ते कपाटात कितीही वर्षे पडून असोत. फोनची बॅटरी पूर्ण भरल्यावरच काम सुरू करावे. आपल्या भागात वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नाही, आणि अर्ध्यावर संगणक बंद पडला तर माझ्यासारखाच रविवार वाट्यास येईल. प्रणाली तिच्या मूळ स्थळावरूनच घ्यावी. कोणी पाठविलेली फाइल घेऊ नये.

हे सर्व वाचून ज्यांचा उत्साह मावळला असेल, त्यांनी निराश होऊ नये. मुक्त प्रणालीस हातभार लावण्यासाठी फोन उघडावाच लागतो असे नाही. किंबहुना शिक्षकाचे खरे काम निराळेच आहे, आणि ते त्यास आधीपासून येते.

पहिले काम शब्दांचे. ‘शुल्क आकारले जात आहे’ ह्या वाक्याचे पुढे काय झाले ते सांगतो. अशा बहुतेक प्रकल्पांचे भाषांतर इंटरनेटवरील एका खुल्या जागी चालते. इंग्रजी वाक्य एका बाजूस, आपली सूचना दुसऱ्या बाजूस; इतर भाषांतरकार तीवर मत देतात आणि तपासनीस ती मान्य करतो. मी खाते काढले आणि ‘चार्ज होत आहे’ अशी सूचना केली. एका गृहस्थांनी ‘भारण चालू आहे’ असे सुचविले होते, दुसऱ्यांनी ‘विद्युत् भरणी’. दोन्ही शब्द विचारपूर्वक घडविलेले होते. परंतु आमच्या तांड्यावरील आईपर्यंत ते पोचले नसते. तपासनिसांनी विचारले, हे वाक्य कोठे दिसते? मी पडद्याचे छायाचित्र पाठविले आणि घडलेली हकीकत चार ओळींत लिहिली. काही आठवड्यांनी आलेल्या सुधारणेत वाक्य बदललेले होते. ज्यांनी ते बदलले त्यांना मी पाहिलेले नाही, आणि त्यांनी मला.

शब्द निवडताना संस्कृतनिष्ठ प्रतिशब्दाचा आग्रह किती धरावा, हा वाद जुना आहे. माझे मत असे की, जो शब्द पालकसभेत न अडखळता वापरता येतो तोच फोनवर असावा. एकच शब्द सर्वत्र एकाच अर्थाने येणे हे त्याहून महत्त्वाचे. एका ठिकाणी ‘जतन करा’, दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’, तिसऱ्या ठिकाणी ‘वाचवा’ असे झाले की मूल गोंधळते. संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांच्या प्रमाण याद्या भारतीय भाषांत असाव्यात म्हणून ‘फ्युएल’ नावाचा प्रकल्प २००८ च्या सुमारास निघाला, आणि मराठीचीही अशी यादी झाली. गूगलने २०१४ च्या ॲंड्रॉइड ५ आवृत्तीत मराठीचा समावेश केला. त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंसेवकांनी लिनक्स व फायरफॉक्स मराठीत आणण्याचे काम चालविले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस माहीत असेल.

दुसरे काम अक्षरांचे, आणि येथे प्राथमिक शिक्षकाहून अधिक जाणता कोणी नाही. नव्या प्रणालीवर मराठी निवडून पुढील शब्द लिहून पाहावे : दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना. डोंगराच्या दऱ्या निराळ्या, समुद्र हा दर्या निराळा. शालेय पोषण आहाराच्या पत्रात ‘आचाऱ्यांना मानधन द्यावे’ असे लिहावयाचे आणि फोनने ते ‘आचार्यांना’ करावयाचे, म्हणजे स्वयंपाकघरातील रक्कम विद्यापीठाकडे वळली! हा अर्धचंद्रासारखा र मराठीचे वैशिष्ट्य आहे. ज्या कळफलकात तो सहज सापडत नाही, तो कळफलक मराठीसाठी अपुरा आहे असे कळविले पाहिजे. ‘ॲ’ ह्या अक्षरास संगणकाच्या जागतिक लिपिकोशात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि आजही पुष्कळजण तसेच लिहितात. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसते, यंत्रास मात्र ती दोन निराळी अक्षरे वाटतात. ‘ॲल्युमिनियम’ एका रीतीने लिहिले आणि दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडत नाही. यादीत एखाद्या मुलाचे नाव सापडेना तर ते गळाले असे मानण्यापूर्वी हेही पाहावे.

ल आणि श ह्यांचे आकार घ्या. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतील अक्षरांचे प्रमाण रूप सांगितले. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली रूपे. पहिलीतील मूल ती पाटीवर गिरवते आणि फोनवर निराळाच ल पाहते. एकाच फाँटमध्ये दोन्ही आकार ठेवता येतात आणि मजकूर मराठी आहे अशी खूण असल्यास आपले रूप आपोआप उमटू शकते. कोठे उमटत नाही, एवढे नीट टिपून कळविले तरी करणाऱ्यास पुरते. वार, महिने, अंक ह्यांचेही तसेच. सर्व कंपन्या ज्या सामायिक भांडारातून ही माहिती घेतात, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक मूळचे म्हणून नोंदलेले आहेत, हिंदीसाठी तसे नाहीत. घड्याळात १, २, ३ दिसतात ते ह्यामुळे.

तिसरे काम दोष कळविण्याचे. ‘फोन नीट चालत नाही’ असे लिहिणाऱ्याचा कोणास काही उपयोग होत नाही. प्रगतिपत्रकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा मारण्यासारखेच ते आहे. चांगला शिक्षक लिहितो : दोन अंकी बेरीज येते, हातचा आला की चुकते, आणि उभी मांडणी दिली की सुधारते. दोषाची नोंद अगदी अशीच असावी. कोणता फोन, प्रणालीची कोणती आवृत्ती, काय करीत होता, काय व्हावयास हवे होते, काय झाले, किती वेळा करून पाहिले आणि किती वेळा तसेच घडले. हे कळविण्यापूर्वी तोच दोष कोणी आधी नोंदविला आहे काय ते पाहावे. असल्यास त्याखालीच आपला अनुभव लिहावा. उत्तर उशिरा येते. समोरचा मनुष्य दिवसभराची नोकरी आटोपून रात्री हे काम करीत असतो, म्हणून भाषा सौम्य असावी. कित्येकदा उत्तर येतही नाही. माझ्या दोन नोंदी अद्याप तशाच पडून आहेत.

आवाजाचेही एक काम आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ ह्या उपक्रमात मराठी वाक्ये मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करता येतात आणि तो संग्रह सर्वांस खुला असतो. यंत्रास मराठी ऐकावयास शिकविण्यासाठी तो लागतो. वऱ्हाडी वळणाने बोलणारे आवाज त्यात पडले नाहीत, तर उद्याचे यंत्र आपल्या मुलांचे बोलणे ओळखणार नाही. मुलांचे आवाज मात्र पालकांच्या संमतीवाचून देऊ नयेत.

शेवटी ज्या तांड्यापासून आरंभ केला तेथेच येतो. त्या मुलीची घरची भाषा गोरमाटी. आपल्या जिल्ह्यात गोरमाटी, कोलामी, गोंडी बोलणारी मुले शेकड्यांनी शाळेत येतात आणि पहिलीत मराठी ही त्यांच्यासाठी नवी भाषा असते. बहुतेक फोनच्या भाषायादीत ह्या भाषा सापडत नाहीत. बंदिस्त प्रणालीत त्या घालावयाच्या की नाही हे कंपनी ठरवील, आणि ग्राहकांची संख्या पाहून ठरवील. मुक्त प्रणालीत कोणाची परवानगी लागत नाही. काम करणारी माणसे लागतात. पुष्कळ लागतात, हे मी लपवीत नाही. संपूर्ण फोन कोलामीत आणणे हे एका केंद्रातील शिक्षकांच्या आवाक्यातील काम नव्हे. परंतु ‘उघडा’, ‘बंद करा’, ‘मागे’, ‘पुढे’, ‘पुन्हा ऐका’, ‘चार्ज होत आहे’ अशा शंभरएक शब्दांची वही करणे आवाक्यात आहे. शब्द कोशातून घेऊ नयेत. पोडावरील आणि तांड्यावरील मोठ्या माणसांना, विशेषतः आयांना, फोन दाखवून विचारावे : ह्याला तुम्ही काय म्हणाल? एकाच गोष्टीस दोन शब्द आले तर दोन्ही लिहावे आणि कोणत्या वस्तीवर कोणता मिळाला तेही लिहावे.

माझा तो फोन सध्या पंचायत समितीत माझ्या टेबलावर असतो. ज्यांना नवी प्रणाली हाताळून पाहावयाची असेल त्यांनी कार्यालयीन वेळेत जरूर यावे. बिघडण्याची भीती बाळगू नये, तो एकदा बिघडून झालेला आहे. केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अर्धा तास ह्या विषयास द्यावा असे केंद्रप्रमुखांशी ठरले आहे. येताना प्रत्येक शाळेने निदान वीस शब्दांची वही आणावी. त्या तांड्यावरील गुरुजींनी आपली आणण्याचे कबूल केले आहे, आणि तीतला पहिला शब्द त्या मुलीच्या आईस विचारावयाचा असे आम्ही दोघांनी ठरविले आहे.